बीआरडी ‘फायनल’ कधी झाला, हे करारात लिहा
फ्रीलान्स बिझनेस अ‍ॅनालिस्टचं बिल बहुतेक वेळा एकाच वाक्यावर अडतं: ‘बीआरडी अजून फायनल कुठे झालाय?’ (बीआरडी म्हणजे बिझनेस रिक्वायरमेंट्स डॉक्युमेंट, क्लायंटला नेमकं काय हवंय ते लिहिलेलं डॉक्युमेंट.) माझं एक बिल असंच चार महिने लटकलं. तेव्हापासून करारात ही ओळ घालतेच: ‘डॉक्युमेंट मेल केल्यापासून 7 दिवसांत लेखी हरकत आली नाही, तर ते मंजूर धरलं जाईल. बदलांच्या दोन फेऱ्या फीमध्ये, तिसरीपासून तासाप्रमाणे.’ सही पहिल्या मीटिंगआधीच घ्या.

छोट्या व्यवसायांसाठीची सरकारी ‘उद्यम’ नोंदणीही करून ठेवा, फुकट होते. ती असली की 2006 च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) कायद्यानुसार लेखी करारातसुद्धा पैसे देण्याची मुदत 45 दिवसांपलीकडे नेता येत नाही. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, तेही चक्रवाढ व्याज मागता येतं.