ट्रकच्या एअर सीटमधील हवेची गळती कशी शोधावी आणि दूर करावी

चालकाची एअर सीट आपोआप खाली बसू लागली की पहिला संशय सीटखालच्या रबरी बेलोवर, म्हणजे हवा भरून सीट उचलून धरणाऱ्या पिशवीवर जातो. बेलो हा महागड्या भागांपैकी एक आहे, आणि तो बदलूनही सीट पुन्हा खाली बसली तर पैसा व दिवस दोन्ही वाया जातात. म्हणून हवा नेमकी कोठून निघते हे ठरवल्याशिवाय कोणताही सुटा भाग विकत घेऊ नये.

ही दुरुस्ती पुढे ढकलण्यासारखीही नाही. बसलेल्या माणसाच्या शरीराला उभ्या दिशेतील साधारण ४ ते ८ हर्ट्झचे (म्हणजे सेकंदाला ४ ते ८ वेळा होणारे) हादरे सर्वाधिक त्रासदायक ठरतात. चांगली एअर सीट साधारण १ ते २ हर्ट्झच्या संथ गतीने झुलत असल्यामुळे यातला बराचसा हादरा शोषून घेते. हवा गेलेली सीट मात्र तळाला टेकते आणि प्रत्येक खड्डा थेट चालकाच्या कण्यापर्यंत पोहोचतो.

आधी हवेचा मार्ग समजून घ्यावा. कॉम्प्रेसरने टाक्यांत भरलेली, साधारण ८ ते १० बार दाबाची हवा ब्रेकपासून वेगळ्या केलेल्या सर्किटमधून बारीक नायलॉन नळीने सीटपर्यंत येते. तेथून ती उंची ठरवणाऱ्या व्हॉल्व्हमध्ये, मग बेलोमध्ये, आणि सोय असल्यास कमरेच्या आधाराच्या छोट्या पिशव्यांत जाते. सीट उंच करताना, तसेच चालक बसताना किंवा उठताना क्षणभर येणारा फुसकारा अनेक सीटमध्ये नेहमीचाच असतो. सतत येणारा बारीक आवाज मात्र गळतीचा असतो.

काम सुरू करण्यापूर्वी ट्रक सपाट जागेवर उभा करून हँडब्रेक लावावा आणि चाकांना ठोकळे लावावेत. सीटखालच्या कात्रीसारख्या सांगाड्यात हात घालायचा असेल तर सीट वर असताना त्यात मजबूत लाकडी ठोकळा अडकवावा, कारण हवा अचानक गेल्यास सांगाडा क्षणात मिटतो आणि त्यात बोटे चिरडू शकतात. हा नियम घाईतही मोडू नये. कोणतीही नळी सोडवण्यापूर्वी सीटमधील हवा पूर्ण काढावी, पुरवठा बंद करावा किंवा त्या सर्किटची टाकी रिकामी करावी, आणि डोळ्यांवर संरक्षक चष्मा लावावा.

पहिली तपासणी डॅशबोर्डवरील दाबाच्या काट्यांची करावी. टाक्या पूर्ण भरून इंजिन बंद करावे, आकडा लिहून ठेवावा आणि सकाळी पुन्हा पाहावा. सीट खाली बसली असेल आणि दाबही बराच उतरला असेल, तर गळती गाडीत इतरत्र असण्याची शक्यता मोठी असते. काही सीटमध्ये पुरवठ्याचा दाब गेल्यावर बेलोतील हवाही मागे निघून जाते. ब्रेकच्या टाक्यांचा दाब उतरत असल्यास सीट बाजूला ठेवून आधी ती गळती शोधावी.

काटा जागेवर असूनही सीट बसत असेल, तर इंजिन बंद ठेवून शांत जागी कान देऊन ऐकावे. भांडी धुण्याच्या द्रव साबणाचे पाणी ब्रशने प्रत्येक जोडावर, व्हॉल्व्हच्या हवा सोडण्याच्या तोंडावर, बेलोच्या घड्यांवर व त्याच्या वरच्या-खालच्या कडांवर लावावे. बुडबुडे वाढत राहिले की जागा सापडली. नळी सांगाड्यात घासते किंवा चिमटली जाते ती वळणे अधिक बारकाईने पाहावीत. सीट वर-खाली होते तेव्हा ही नळीही सतत हलते, आणि तेथील चीर कधी कधी एका ठरावीक उंचीलाच उघडते. म्हणून ही तपासणी सीट पूर्ण वर, मध्ये आणि खाली अशा तिन्ही स्थितींत करावी.

बुडबुडे कोठेच दिसले नाहीत, तर मार्गाचे दोन भाग करावेत. हवा काढून व्हॉल्व्ह आणि बेलो यांच्यामधल्या नळीत त्याच मापाचा छोटा कॉक (हवा बंद-सुरू करणारी तोटी) बसवावा, सीट वर घ्यावी, कॉक बंद करावा आणि सांगाड्यापासून हात दूर ठेवून थांबावे. सीट तरीही खाली येत असेल, तर दोष बेलोत किंवा त्याच्या जोडात आहे. कॉक बंद असताना ती टिकते आणि उघडल्यावर बसते, तर दोष व्हॉल्व्हच्या बाजूला आहे. कमरेच्या आधाराची नळीही अशीच वेगळी करून तपासता येते. चाचणी झाल्यावर कॉक काढलाच पाहिजे, अन्यथा उंचीचे नियंत्रण चालणार नाही.

दाबून बसवायच्या जोडात गळती असेल, तर जोडाची कडी आत दाबून नळी बाहेर ओढावी, ओरखडे पडलेले टोक धारदार कटरने काटकोनात कापावे आणि नळी तळाला टेकेपर्यंत आत सारून हलकेच ओढून पाहावी. पकडीने तिरके कापलेले टोक आतल्या रबरी रिंगवर नीट बसत नाही. या जोडांना टेप गुंडाळू नये, कारण तिचे तुकडे व्हॉल्व्हमध्ये जाऊन नवी गळती सुरू करतात. व्हॉल्व्हमधून सतत हवा सुटत असेल, तर आत कचरा किंवा पाणी साचलेले असू शकते. टाक्यांतील पाणी काढावे, हवेतील ओलावा काढणारा एअर ड्रायर तपासावा आणि व्हॉल्व्ह बदलावा. चिरलेल्या बेलोला पंक्चरचे ठिगळ लावू नये, तो बदलावाच. ग्रामर, इसरिंगहाउसेन यांसारख्या कंपन्यांच्या सीटचे अनेक प्रकार असल्याने सांगाड्यावरील लेबलचा क्रमांक पाहूनच भाग मागवावा.

सीट खाली न बसता नुसतीच उसळत असेल, तर हवेपेक्षा शॉक अ‍ॅब्सॉर्बर आधी पाहावा. दुरुस्तीनंतर टाक्या भरून सीटची उंची सांगाड्यावर खडूने आखावी, प्रत्येक जोडाला पुन्हा साबणाचे पाणी लावावे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिन सुरू करण्यापूर्वी ती खूण तपासावी.