लूप सुरू झाला की प्रोग्रॅम हँग होतो? या चुका टाळा

पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातील पुस्तकांच्या दुकानांत जून महिन्यात, शाळा उघडण्याच्या सुमारास, काउंटरवर उभे राहायला जागा नसते. अशा वेळी हजारो ओळींची एक्सेल फाइल स्टॉकच्या प्रोग्रॅममध्ये घेण्यासाठी ऑपरेटरने बटण दाबले आणि विंडो पांढुरकी पडून वर ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ अशी अक्षरे उमटली, तर तो शेवटी टास्क मॅनेजर उघडून प्रोग्रॅम बंद करतो. प्रत्यक्षात काम चालूच असते. पण निम्म्या ओळी नोंदल्या जातात आणि निम्म्या राहतात. यात ऑपरेटरला दोष देण्यात अर्थ नाही, कारण ही वेळ येऊ न देणे हे प्रोग्रॅम लिहिणाऱ्याचे काम आहे.

विंडोवरचे क्लिक, कळा दाबणे, पडदा पुन्हा रंगवणे हे सारे संदेश एकच मुख्य थ्रेड (प्रोग्रॅममधील कामाचा एक प्रवाह) रांगेतून उचलत असतो. तोच लूपमध्ये, म्हणजे पुन्हा पुन्हा फिरणाऱ्या कोडमध्ये, अडकला की रांग तुंबते आणि सुमारे पाच सेकंद एकही संदेश उचलला गेला नाही, तर विंडोज त्या विंडोला प्रतिसादहीन ठरवते. अनेकजण उपाय म्हणून लूपच्या आधी बटण निष्क्रिय करतात आणि लूप संपताच पुन्हा सक्रिय करतात. मात्र हे सर्व एकाच इव्हेंटमध्ये, म्हणजे एकाच क्लिकच्या कोडमध्ये, घडत असेल, तर मधल्या काळात दाबलेला क्लिक रांगेत थांबतो, बटण सक्रिय झाल्यावर पोहोचतो आणि तीच आयात दुसऱ्यांदा सुरू होते.

दोष शोधताना टास्क मॅनेजरमधील आकड्याने फसू नये. आठ लॉजिकल प्रोसेसर असलेल्या संगणकावर एक थ्रेड पूर्ण क्षमतेने चालला, तरी एकूण वापर सुमारे साडेबारा टक्केच दिसतो. त्यामुळे ‘सीपीयू तर मोकळा आहे’ हा निष्कर्ष चुकीचा ठरतो. त्यापेक्षा विंडो अडकलेली असतानाच डीबगरमध्ये (कोड तपासण्याच्या साधनात) प्रोग्रॅम थांबवावा आणि मुख्य थ्रेडचा कॉल स्टॅक, म्हणजे त्या क्षणी चालू असलेल्या फंक्शनची साखळी, पाहावी. तो आपल्याच लूपमध्ये आहे, की डेटाबेसच्या उत्तराची वाट पाहत आहे, हे तिथे लगेच कळते.

सर्वांत घातक चूक म्हणजे लूपमध्ये रांगेतले संदेश मध्येच उचलणारे ‘डू-इव्हेंट्स’ किंवा क्यूटी या विंडो बनवण्याच्या लायब्ररीतील ‘प्रोसेस-इव्हेंट्स’ टाकून मोकळे होणे. कोडच्या एका ओळीत विंडो हलू लागते, म्हणूनच हा मार्ग मोहात पाडतो. पण त्या ओळीवर रांगेतील कोणताही संदेश चालू शकतो: ऑपरेटर आयातीचे बटण पुन्हा दाबू शकतो, लूप ज्या यादीवर फिरत आहे तिच्यातील पुस्तक काढून टाकू शकतो किंवा विंडोच बंद करू शकतो. मग पहिला लूप अर्धवट असताना त्याच्या पोटात दुसरा लूप सुरू होतो आणि डेटा असा बिघडतो की कारण शोधताना नाकी नऊ येतात. लूपमध्ये ‘स्लीप’ टाकणे तर निव्वळ निरर्थक आहे, कारण त्याने मुख्य थ्रेडच झोपतो.

सी-शार्पमध्ये फंक्शनला ‘असिंक’ हा शब्द जोडला की काम आपोआप दुसऱ्या थ्रेडवर जाते, हाही गैरसमज फार रुजलेला आहे. खऱ्या अर्थाने थांबावे लागेल असा पहिला ‘अवेट’ (काम पूर्ण होण्याची वाट पाहण्याची सूचना) येईपर्यंत सगळा कोड मुख्य थ्रेडवरच चालतो. म्हणून गणिती लूप काम दुसऱ्या थ्रेडवर पाठवणाऱ्या ‘टास्क डॉट रन’मध्येच द्यावा लागतो. त्या टास्कच्या ‘रिझल्ट’साठी मुख्य थ्रेड अडवून ठेवला, तर सारी मेहनत वाया जाते आणि कधी कधी दोघे एकमेकांची वाट पाहत कायमचे अडकतात. पायथनमध्ये शुद्ध गणनेसाठी थ्रेडपेक्षा वेगळी प्रोसेस बरी, कारण नेहमीच्या पायथनमध्ये जीआयएल या अंतर्गत कुलुपामुळे एका वेळी एकच थ्रेड पायथनचा कोड चालवतो.

काम दुसरीकडे गेल्यावर त्या थ्रेडमधून लेबल किंवा प्रोग्रेस बारला थेट हात लावू नये. जावाच्या स्विंगमध्ये ‘इन्व्होक-लेटर’, क्यूटीमध्ये सिग्नल आणि पायथनच्या टीके-इंटरमध्ये क्यू व ‘आफ्टर’ यांची जोडी त्यासाठीच आहे. दर ओळीला प्रगती कळवणेही टाळावे. हजारो सूचनांनी मुख्य थ्रेडची रांग पुन्हा तुंबते आणि लूप हलवूनही विंडो अडखळतच राहते. दर शंभर मिलिसेकंदांनी एक सूचना डोळ्यांना पुरेशी असते.

रद्द करण्याची सोय करताना थ्रेड बाहेरून मारू नये. लूपच्या प्रत्येक फेरीत रद्द करण्याचा इशारा तपासावा आणि सर्व नोंदी एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये (सगळ्या नोंदल्या जातील किंवा एकही नाही, अशा गटात) ठेवाव्यात, म्हणजे आयात मध्येच थांबली तरी स्टॉक पूर्ववत राहतो. विंडो बंद करण्याच्या इव्हेंटमध्येही हेच करावे: बंद होणे तात्पुरते रोखावे, इशारा द्यावा, काम थांबल्याची ‘अवेट’ने खात्री करावी आणि मगच विंडो बंद होऊ द्यावी. ‘टास्क डॉट रन’चे थ्रेड पार्श्वभूमीतले असल्याने मुख्य प्रोग्रॅम संपताच ते असतील तिथे तुटतात.