सिंक्रोनस मशीनचं मॉडेल: टाइम स्टेप कमी करण्याआधी या चुका टाळा

वीजकेंद्रातल्या जनरेटरचं, म्हणजे सिंक्रोनस मशीनचं, सिम्युलेशन उडालं की पहिला हात टाइम स्टेपवर (गणिताच्या दोन क्षणांमधल्या अंतरावर) जातो, निम्मा करा, अजून निम्मा करा, आणि मग दहा सेकंदांच्या रनला अर्धा तास. थांबा, आधी फ्लॅट रन, म्हणजे काहीही न छेडता रन, घ्या. फॉल्ट नाही, लोड बदल नाही, नुसतं चालू द्या. रोटर (मशीनचा फिरणारा भाग) अँगल, फील्ड व्होल्टेज सगळ्यांच्या रेषा सरळ यायला हव्यात, पहिल्याच क्षणी अँगल हलला तर स्टेपचा काही संबंध नाही, इनिशियल कंडिशन (सुरुवातीच्या किमती) चुकलीय. रोटरच्या पोलच्या दिशेचा अक्ष डी आणि त्याला काटकोनातला क्यू, त्यांचे रिअॅक्टन्स एक्सडी आणि एक्सक्यू; बऱ्याचदा रोटरचा क्यू-अक्ष शोधताना एक्सक्यूऐवजी एक्सडी टाकलेला असतो. थर्मलच्या गोल रोटरमध्ये दोन्ही जवळपास सारखे म्हणून ही चूक लपते, पण कोयनेसारख्या हायड्रो मशीनला सॅलिएंट (बाहेर आलेले) पोल असतात, तिथे लगेच उघडी पडते.

दुसरी चूक बेसची, म्हणजे पर-युनिट आकडे ज्या एमव्हीएच्या तुलनेत मोजतात त्याची, यात माझे दोन दिवस गेलेत. आपल्याकडचा २१० मेगावॅटचा सेट म्हणजे २४७ एमव्हीए, सिस्टिमचा बेस १००. समजा मशीनच्या बेसवर ट्रान्झिएंट रिअॅक्टन्स ०.३ आहे, तर १०० वर तो ०.१२ होतो. पण एच (मशीनचं जडत्व) ३ सेकंद असेल तर तो ७.४ होतो! एक उतरतो, दुसरा चढतो. एच तसाच ३ ठेवला की मशीन कागदावर हलकं होतं, फॉल्ट गेल्यावर लगेच सिंक्रोनिझम (ग्रिडशी ताळमेळ) सोडतं आणि आपण बिचाऱ्या एव्हीआरचे (व्होल्टेज रेग्युलेटरचे) गेन बदलत बसतो.

टाइम कॉन्स्टंट (बदल किती वेगाने विरतो तो आकडा) पण नीट बघा, मॉडेलने ओपन सर्किटचा मागितलाय की शॉर्ट सर्किटचा. एक्सडी १.८, ट्रान्झिएंट ०.३ आणि ओपन सर्किट ८ सेकंद असेल तर शॉर्ट सर्किटचा फक्त १.३३ येतो, म्हणजे सहापट फरक.

आता सिम्युलेशनचा स्पीड. फेजर सिम्युलेशनमध्ये (जिथे पूर्ण लहर न काढता व्होल्टेज-करंटचं फक्त माप आणि कोन घेतात) स्टेटर (मशीनचा स्थिर भाग) फ्लक्सचे डेरिव्हेटिव्ह ठेवू नका, नेटवर्क फेजरमध्ये असताना ते फक्त ५० हर्ट्झचं हेलकावणं आत आणतात आणि स्टेप उगाच बारीक करायला लावतात. ते काढले की सगळ्यात छोटा उरतो सबट्रान्झिएंट टाइम कॉन्स्टंट, साधारण ०.०३ सेकंद, त्याला ५ मिलिसेकंदाचा स्टेप आरामात चालतो.

ईएमटीमध्ये (जिथे प्रत्येक क्षणाची पूर्ण लहर काढतात) मात्र स्टेटर लागतोच. तिथे डीक्यू मॉडेल (डी आणि क्यू अक्षांवर लिहिलेलं) करंट सोर्स म्हणून जोडलं तर एका स्टेपचा डिले येतो आणि स्टेप वाढवला की गडबडतं. व्होल्टेज बिहाइंड रिअॅक्टन्स मॉडेलमध्ये स्टेटर नेटवर्कबरोबरच सुटतो, सॅलिएन्सीमुळे (एक्सडी-एक्सक्यूमधल्या फरकामुळे) मॅट्रिक्स दर स्टेपला बदलावा लागला तरी मोठा स्टेप चालतो म्हणून माझ्या मते हेच परवडतं.