तीस-पस्तीस हजारांची इलेक्ट्रिक सायकल: घ्यावी कशी, चालवावी कशी, टिकवावी कशी

आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये दोन इलेक्ट्रिक सायकली धूळ खात उभ्या आहेत. दोन्ही स्कूटर समजून घेतलेल्या. मालक पहिला आठवडाभर पेडल न मारता नुसती मूठ पिळत फिरले, बॅटरी भलत्याच ठिकाणी संपली, मग बावीस-तेवीस किलोचं धूड ढकलत घरी आणलं आणि संपला विषय. तिसरी सायकल माझी. ती रोज कोथरूड ते बाणेर जाऊन येते, कारण पेडल मी मारतो आणि मोटार हातभार लावते. पुढचं सगळं या एका गोष्टीवर बेतलेलं आहे.

घेण्याआधी

जाहिरातीतलं अंतर वाचू नका, बॅटरीवरचे दोन आकडे वाचा. व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर म्हणजे वॉट-अवर. या किमतीत बहुधा ३६ व्होल्ट, ७.५ अँपिअर-अवरची बॅटरी असते, म्हणजे २७० वॉट-अवर. २५० वॉटची मोटार पूर्ण जोरात चालली तर हा साठा तासाभरात संपणार, हे साधं गणित आहे. मला नुसत्या मुठीवर वीसेक किलोमीटर मिळतात. पेडल मारत गेलो तर तीसच्या पुढे, आणि त्यातही वाटेत चढ आहेत. तुमचं रोजचं जाणं-येणं पंचवीसच्या वर असेल तर मोठी बॅटरी घ्या, नाहीतर ऑफिसात चार्जिंगची सोय बघा.

दुकानात तीन गोष्टी विचारा. बॅटरी काढून घरात नेता येते का? (तिसऱ्या मजल्यावर राहत असाल आणि पार्किंगमध्ये प्लग नसेल तर बाकी सगळे गुण फुकट.) नवी बॅटरी केवढ्याला पडेल? आणि तपासणीचं प्रमाणपत्र आहे का? मोटार २५० वॉटच्या आत, वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत आणि बॅटरी सोडून वजन ६० किलोपर्यंत असेल, तर लायसन्स आणि नंबरप्लेट लागत नाही. पण हे आपल्या पुण्यातल्या एआरएआयसारख्या सरकारमान्य वाहन-चाचणी संस्थेने तपासून मान्य केलेलं असावं लागतं. ‘एक वायर काढली की पस्तीसने पळते’ असं सांगणारा कुणीतरी भेटेलच. ती वायर काढली की कायद्याच्या लेखी तुम्ही बिननंबरची मोटारसायकल चालवताय.

चक्कर मारायला सपाट गल्लीत नको, जवळच्या चढावर न्या. ब्रेक डिस्कचेच घ्या. एवढं वजन उतारावर थांबवायचं असतं.

पहिले चार दिवस

सवय मोकळ्या मैदानात करा. या सायकलींचा सेन्सर पेडल फिरतंय की नाही एवढंच बघतो, तुम्ही किती जोर लावताय ते त्याला कळत नाही. त्यामुळे पेडल थोडं फिरलं की क्षणभराने मोटार ढकलते आणि पाय थांबवला तरी क्षणभर ढकलतच राहते. सिग्नलला किंवा यू-टर्न घेताना हा क्षण महागात पडतो. उपाय सोपा: वळताना ब्रेकवर दोन बोटं ठेवा. ब्रेक किंचित दाबला तरी मोटार बंद होते.

सायकल हाताने ढकलताना मोटारीचं बटण बंद करा. पहिल्याच आठवड्यात मी पार्किंगमध्ये ती चालू ठेवूनच उजव्या मुठीला धरून वळवत होतो. सायकल माझ्या हातून निसटली आणि थेट तळमजल्यावरच्या काकूंच्या जास्वंदीत. कुंडी मी भरून दिली. काकू अजून आठवण काढतात.

चढ

भुसारी कॉलनीकडून चांदणी चौकाचा चढ सुरू होतो तिथे बरेच जण मूठ पिळतात. नेमकं हेच चुकतं. चाकाच्या तुंब्यातली (मधल्या हबमधली) मोटार हळू फिरत असताना वीज सायकल ढकलण्यापेक्षा तापण्यात जास्त घालवते. सायकलचे गिअर मोटारला काही मदत करत नाहीत, ते फक्त तुमच्या पायांसाठी. म्हणून चढाच्या आधीच हलका गिअर टाका, पाय भरभर फिरवा, वेग पडू देऊ नका. चढाच्या मध्यावर थांबून परत मुठीवर निघणं हा मोटारीवरचा सगळ्यात मोठा अत्याचार.

चार्जिंग

रिकामी बॅटरी भरायला साधारण चार तास आणि एक तृतीयांश युनिट वीज लागते. पैसे वाचतातच, पण बॅटरी जपली तरच ते हिशेबात उरतात.

बॅटरी उन्हातून आणली की अर्धा तास सावलीत निवू द्या, मग लावा. रोज पार रिकामी करू नका. रात्री झोपताना, गादीवर, पडद्याजवळ किंवा घराच्या एकुलत्या दाराजवळ चार्जिंग नको. फरशीवर, डोळ्यांसमोर असू द्या. चार्जर तिचाच वापरा. पिन बसली म्हणजे चार्जर चालतो असं नाही. ३६ व्होल्टची लिथियम बॅटरी ४२ व्होल्टला भरते, जुन्या स्कूटरच्या चार्जरचा हिशेब वेगळा असतो. महिनाभर गावी जाणार असाल तर बॅटरी निम्मी भरलेली ठेवून जा. फुगली, वास आला किंवा हाताला चटका बसला तर पुन्हा चार्जिंगला लावू नका.

पाऊस

पावसात चालते. तुंब्यापर्यंतच्या पाण्यात चालवायची नाही. घरी आल्यावर बॅटरी काढा, पितळी टोकं कोरड्या फडक्याने पुसा, सुकल्यावरच चार्जिंग. धुताना ओला फडका पुरे, सर्व्हिस सेंटरचा प्रेशरचा पाइप अजिबात नको. चेन पुसून तेल द्या, पण डिस्कवर थेंबही उडू देऊ नका.

मागच्या चाकाचं पंक्चर

इथे खरी परीक्षा. कोपऱ्यावरचा पंक्चरवाला मोटार बघून ‘हे आपल्याकडे नाही होत’ म्हणतो. त्याला सांगा, चाक काढायचंच नाहीये.

बटण बंद करा, बॅटरी काढा, जुनी चादर पसरून सायकल उलटी करा. टायरची एक बाजू दोन लिव्हरने रिममधून उचला आणि ट्यूब तेवढ्याच जागी बाहेर ओढा. टायरच्या आतून फडकं फिरवून काटा शोधा; बाभळीचं टोक आत राहिलं तर संध्याकाळी परत तेच. पॉलिश पेपरने घासा, सोल्युशन लावा, ते चिकट न राहता मंद दिसेपर्यंत थांबा, मग पॅच दाबा. घाई इथेच होते.

ट्यूब बदलायचीच असेल तर आधी मोटारच्या वायरचा जोड सोडवा. त्याच्या दोन्ही बाजूंना बाण असतात. पिळायचं नाही, सरळ ओढायचं. नट सोडण्याआधी वायसर कुठल्या क्रमाने आहेत त्याचा मोबाइलवर फोटो घ्या. त्यातला एक वायसर खाचेत अडकणारा असतो. तो चुकला तर आस चाकाबरोबर फिरतो आणि वायर पिळून तुटते; मग खर्च ट्यूबचा न राहता मोटारीचा होतो. जोडताना बाण समोरासमोर आणा, नट करकचून आवळा, वायर खाली झुकती बांधा म्हणजे पाणी जोडात न उतरता खाली ठिबकेल.

सायकल सरळ करण्याआधी बॅटरी बसवा, बटण चालू करा आणि पेडल हाताने फिरवून बघा. चाक घुमायला लागलं की जोड नीट बसलाय. आणि बोटं आऱ्यांपासून लांब ठेवा, कारण पेडल सोडल्यावरही चाक क्षणभर फिरतंच.