सलाम ठोकला की ढापलं?

माझी पहिली फाइट मी सरळसरळ ढापली होती. कॉलेजचं दुसरं वर्ष, शॉर्टफिल्मची स्पर्धा आणि डोक्यात 'ओल्डबॉय' (२००३) या कोरियन सिनेमातली पॅसेजची मारामारी. एकटा माणूस, हातात हातोडी, समोर गुंडांचा घोळका, कट नाही, कॅमेरा शेजारून सरकत चाललाय. मित्राच्या होस्टेलवर लांबलचक पॅसेज होता. म्हटलं, जमलंच.

शूटिंगच्या दिवशी कळलं की कॅमेरा ठेवायला जागाच नाही. पॅसेज जेमतेम पाच फूट रुंद. शेजारून सगळे फ्रेममध्ये घ्यायचे तर भिंतीत शिरावं लागलं असतं. मूळ सिनेमात तो सेट होता, कॅमेऱ्याच्या बाजूची भिंत नव्हतीच. आम्ही मग समोरून, कॅमेरा हातात धरून शूट केलं, सहा ठिकाणी कट मारले आणि रंग तेवढा हिरवट करून घेतला. परीक्षक बाई हसून म्हणाल्या, "हातोडी तेवढी आपल्याकडची वाटली."

त्या रात्री चिडून मूळ सीन आवाज बंद करून पाहिला. पहिल्यांदाच दिसलं की तो माणूस निम्मा वेळ मारतच नाही. वाकतो, धापा टाकतो, पाठीत सुरी रुतलेली असताना उठून उभा राहतो. समोरचेही दमून नुसते बघत राहतात. सुमारे तीन मिनिटांचा हा टेक तीन दिवसांत सतरा वेळा घेतला होता, म्हणजे ती दमछाक सगळीच काही अभिनयाची नसणार. आमच्या फाइटमध्ये पॅसेज होता, हातोडी होती, हिरवा रंग होता. दमलं मात्र कुणीच नव्हतं.

आता रविवारी सकाळी पुण्यात तळजाईच्या टेकडीवर माझ्याकडे काही मुलं फाइट बसवायला शिकायला येतात. आल्या आल्या त्यांचा प्रश्न असतो: "सर, हा ट्रिब्यूट आहे, कॉपी नाही, असं कसं दाखवायचं?" सिनेमा संपताना आभाराची पाटी टाकून नक्कीच नाही. मी त्यांना उलट विचारतो, मूळ फाइटमधल्या माणसाची अडचण काय होती आणि तुझ्या माणसाची काय आहे? दुसऱ्या प्रश्नाला उत्तर नसेल, तर पोशाख, कॅमेरा, रंग कितीही जुळवा, मी त्याला ढापणंच म्हणतो.

जॅकी चॅनचं 'प्रोजेक्ट ए' (१९८३) घ्या. घड्याळाच्या मनोऱ्यावर तो काट्याला लोंबकळतो. ही कल्पना मूकपटांतला विनोदी नट हॅरॉल्ड लॉइडच्या 'सेफ्टी लास्ट' (१९२३) मधली, आणि चॅनने ती लपवलेलीही नाही. पण लॉइड लोंबकळतो, घाबरतो, आपल्याला घाबरवतो आणि शेवटी वर पोचतो. चॅनचा हात सुटतो. तो खरोखर खाली येतो, वाटेत कापडी छपरं फाडत जमिनीवर आदळतो, आणि ते पडणं सिनेमात आपल्याला पुन्हा एकदा दाखवतात. साठ वर्षं प्रेक्षकाच्या मनात 'सुटला तर?' हे होतं, त्याचं उत्तर त्याने अंगावर घेतलं. हे दोन्ही सिनेमे लागोपाठ बघा. लॉ कॉलेज रोडवर फिल्म अर्काइव्ह आहे, उन्हाळ्यात फिल्म इन्स्टिट्यूटबरोबर (एफटीआयआय) त्यांचा सिनेमा रसास्वादाचा कोर्स असतो. जमेल तेव्हा करून टाका. कराटेचा ब्लॅक बेल्ट असलेल्यांनी तर नक्कीच, कारण आपल्याला फाइट येते म्हणजे सिनेमातली फाइट येते, हा समज त्यांच्यात सगळ्यात घट्ट असतो. (माझाही होता.)

ब्रूस लीच्या पिवळ्या सूटची गोष्ट तर आणखी गमतीची. तो सूट 'गेम ऑफ डेथ'मधला. या सिनेमाचं थोडं शूटिंग त्याने १९७२ मध्ये केलं आणि जुलै १९७३ मध्ये तो गेला. १९७८ मध्ये डुप्लिकेट उभे करून सिनेमा पुरा केला. एका शॉटमध्ये आरशावर चक्क त्याच्या चेहऱ्याचं कापलेलं चित्र चिकटवलंय. म्हणजे नाव अधिकृत, पण बराचसा माल नकलेचा. त्याच सुमारास ब्रूस ली वारल्यावर ब्रूस ले, ब्रूस लाय अशा नावांच्या नटांचे सिनेमे धडाधड निघाले. आणि २००३ मध्ये 'किल बिल'मध्ये उमा थर्मनने तोच पिवळा रंग घातला, तेव्हा तिच्यावर धावून येणाऱ्या टोळीच्या तोंडावर काळे मुखवटे होते, 'ग्रीन हॉर्नेट' या टीव्ही मालिकेत ब्रूस लीने केलेल्या केटो या पात्राला असायचे तसेच. दोन्ही बाजूंना तोच. ओळखलं तर मजा, नाही ओळखलं तरी बदला घ्यायला निघालेल्या बाईची मारामारी म्हणून ती उभी राहते. तुमच्या सीनला हे लावून बघा: मूळ सिनेमा न पाहिलेल्या मावशीला दाखवा आणि ती मोबाइल कधी उचलते ते बघा.

हत्याराची नक्कल सगळ्यात लवकर उघडी पडते. कोल्हापूरचा एक दोस्त दांडपट्टा फिरवतो. आम्ही त्याला चिनी तलवारीची एक फाइट पाठ करायला दिली. दोन मिनिटांत वैतागला. पट्ट्याची मूठ कोपरापर्यंत हात झाकते, मनगट वळतच नाही, आणि त्या फाइटमध्ये सगळी करामत मनगटाचीच. "हे हत्यार खांद्यातून बोलतं रे," म्हणाला. मग त्याला मोकळं सोडलं. तो गिरक्या घेत जागा साफ करत निघाला आणि आम्ही कॅमेरा घेऊन मागे मागे. त्या दिवशी आम्ही काही बसवलं नाही, नुसतं बघितलं.

कामाचं थोडं. आधी पडायला शिका, मग मारायला. मॅटवर शंभरदा नीट पडलेल्या पोराला सेटवर काम मिळतं, उंच किक मारणारे ढीगभर असतात. मुंबईच्या मोठ्या सेटवर युनियनचं कार्ड लागतं, तोवर इथल्या एकांकिका, शॉर्टफिल्म, जाहिराती. सुरुवातीला पैशांची आशा धरू नका.

आणि एडिटिंग स्वतः करा. हाँगकाँगवाल्यांची एक युक्ती मला टेबलावर बसूनच कळली. लांबच्या शॉटमध्ये लाथ लागते, मग जवळचा शॉट येतो आणि त्यात तीच लाथ दोन-तीन फ्रेम मागून पुन्हा लागते. सेकंदाला चोवीस फ्रेम, त्यातल्या तीनच, म्हणून डोळ्याला पकडता येत नाही, पण फटका जड वाटतो. मी आधी 'कंटिन्यूइटी चुकली' म्हणून त्या फ्रेम कापायचो आणि माझ्या लाथा कापसाच्या वाटायच्या.

चार वर्षांनी पॅसेजची फाइट पुन्हा केली, सदाशिव पेठेतल्या एका वाड्यात. मधे चौक, चारी बाजूंनी सज्जा. कॅमेरा समोरच्या सज्जात ठेवला, म्हणजे भिंत काढायची गरजच उरली नाही, आणि मारामारी लाकडी खांबांआडून दिसत-लपत राहिली. अडचण एकच. वाड्यातल्या आजींनी सज्जाभर कुरडया वाळत घातल्या होत्या आणि त्या उचलायला तयार नव्हत्या. "तुमचं होऊ द्या, पण कुरडईला पाय लागला तर बघा." मग तेच घेतलं. हिरो आणि तिघे गुंड, चौघेही एकमेकांना मारताना खाली बघताहेत, पाय उचलून ठेवताहेत, कठड्याला टेकून दम खाताहेत. पाचव्या टेकला एकाचा पाय पडलाच. आजींची हाक फिल्ममध्ये तशीच ठेवली आहे.