डोलकाठीत पाणी साठतंय? या चुका टाळा

छोट्या कॅटामरानची (दोन सांगाड्यांच्या शिडाच्या होडीची) डोलकाठी उतरवा, एक टोक उचला आणि कान लावा. आतून खळखळ ऐकू आली, तर ‘थोडंसंच आहे, राहू दे’ असं कृपया म्हणू नका. तीन लिटर पाणी म्हणजे तीन किलो वजन. होडी आडवी झाली की ते शेंड्याकडे धावतं, आणि पाच मीटरवरचे तीन किलो उचलणं म्हणजे एक मीटरवरचे 15 किलो उचलणं. शिवाय हवाबंद डोलकाठीतली हवाच होडीला पूर्ण पालथी होऊ न देण्यात मदत करते. पाणी शिरलं की तो आधार गेला.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे घाईने तळाशी भोक पाडणं. शिडाचा दोर आतून जात असेल तर डोलकाठी हवाबंद नसतेच. तिला तळाशी निचऱ्याचं भोक हवंच, फक्त ते वाळूने बुजलेलं नसावं. हवाबंद डोलकाठीला मात्र नवं भोक म्हणजे पाण्याला नवी वाट.

पाणी काढण्याआधी ते शिरतं कुठून ते शोधा. उन्हात तापलेली डोलकाठी थंड पाण्यात पडली की आतली हवा आकसते आणि केसाएवढ्या फटीतूनही पाणी ओढून घेते. तळाचा एक रिव्हेट (भाग जोडणारी धातूची खीळ) काढून तिथे नळी घट्ट बसवा, सगळ्या जोडांना साबणाचं पाणी लावा आणि तोंडानेच हवा फुंका. कॉम्प्रेसर नको, डोलकाठी हवाबंद ठेवणारी आतली बुचं निघून येतात. माझ्या डोलकाठीवर बुडबुडे आले ते रिव्हेटच्या कडेला नव्हे, बरोबर मधोमध, मोहरीएवढे. साध्या, मधून पोकळ पॉप रिव्हेटच्या पोटातूनच पाणी जातं. तिथे बंद टोकाचे रिव्हेट वापरा. ते स्टीलचे असतील तर गंजरोधक पेस्ट लावूनच बसवा, नाहीतर भोवतालचं ॲल्युमिनियम खाल्लं जातं.

मग तळाचा भाग काढून पाणी सोडा, आतून गोड्या पाण्याने धुवा, पूर्ण वाळू द्या.

जोडांच्या फटी बुजवताना व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन वापरू नका. ते ॲल्युमिनियमला बाधतं, आणि त्याचा थर राहिला तर पुढे दुसरं काही चिकटत नाही. जुनं सगळं खरवडून होडीसाठीचं पॉलियुरेथेन सीलंट भरा. फुगणारा फोमही नको. तो हळूहळू पाणी पितो. सीलंट पूर्ण सुकल्यावर, डोलकाठी उभी करण्याआधी, साबणाची परीक्षा पुन्हा घ्या. नळीसाठी काढलेल्या रिव्हेटच्या जागी नवा रिव्हेट सगळ्यात शेवटी बसवा, सीलंट लावून.