कॉटमधली गादी, चादर आणि मी शिवायचे बंद केलेले लोड

डोहाळजेवण उरकलं की आठवडाभरात कुणाची तरी आई माझ्या दारात येते. हातात मोबाइल, मोबाइलमध्ये फोटो. पांढरी कॉट, तिला आतून चारही बाजूंनी फुगीर गुलाबी कठडा, दोन लोड, हृदयाच्या आकाराची उशी, जाड दुलई आणि कोपऱ्यात कापसाचा ससा. "आक्का, अगदी अस्संच शिवून द्या." साताऱ्यात शाहूपुरीत माझं शिवणकाम सुरू होऊन २६ वर्षं झाली. त्यातली २१-२२ वर्षं मी हे सगळं शिवलं, चांगले पैसेही मिळवले. आता त्या फोटोतली फक्त चादर शिवते.

झालं असं की नातू साडेचार महिन्यांचा असताना एका दुपारी सूनबाई खोलीत डोकावली, तर पठ्ठ्या कुशीवर वळून कठड्याच्या स्पंजात नाक खुपसून पडलेला. घामाने डबडबलेला. उचलल्यावर रडला म्हणून आमचा जीव भांड्यात पडला. तो कठडा माझ्या हातचा होता, दुहेरी स्पंज घालून, नातवाचा म्हणून जरा जास्तच मन लावून केलेला. त्याच संध्याकाळी मी त्याच्या नाड्या कात्रीने कापल्या. मुलांच्या डॉक्टरांनी नंतर समजावलं की एवढ्या लहान जिवाला तोंडावर आलेलं कापड बाजूला सारता येत नाही. मऊ काहीतरी नाकाशी आलं की आपणच सोडलेली हवा ते पुन्हा पुन्हा आत घेत राहतं. ते रडेलच, हातपाय झाडेलच, असं नसतं.

तेव्हापासून गिऱ्हाइकाला पहिलं वाक्य हेच सांगते, की बाळाची ऊब त्याच्या अंगातल्या कपड्यांत ठेवा, अंथरुणात नको. कॉटमध्ये गादी, तिच्यावर ताणून बसवलेली चादर आणि पाठीवर उताणं झोपलेलं बाळ. बाकी कॉट रिकामी. बघायला ओकीबोकी दिसते खरी. बारशाच्या दिवशी फोटोसाठी काय सजवायचं ते सजवा आणि झोपवताना सगळं बाहेर काढा.

पैसे घालायचेच असतील तर गादीत घाला. दुकानदार तळहाताने दाबून "बघा ताई, लोण्यासारखी" म्हणेल ती घेऊ नका. तळवा दाबून उचलला की खड्डा लगेच भरून आला पाहिजे. हाताचा ठसा दिसत राहिला तर ती गादी बाळाच्या कामाची नाही. आत काथ्या आणि वर पातळ फोम, किंवा अख्खी घट्ट फोमची, दोन्ही चालतात. मेमरी फोम नको. सावरीचा कापूस तर मुळीच नको, मऊपणात त्याचा हात कुणी धरत नाही आणि इथे मऊपणाच तर नको आहे. साध्या कापसाची गादी गादीवाल्याकडून नवी भरून आणली की पहिले काही दिवस फुगलेली असते, बाळ तिच्यात रुततं. नंतर कापूस सरकून गोळे होतात आणि मधे खळगा पडतो. घरच्यांचा हट्टच असेल तर पातळ, ठासून भरलेली, जवळजवळ टाके मारलेली करून घ्या आणि रोज हात फिरवून बघा. मला विचाराल तर काथ्याचीच घ्या.

गादी आणि कॉटच्या दांड्या यांच्या मधे कुठल्याही बाजूला दोन बोटांपेक्षा जास्त फट राहू देऊ नका. आपल्याकडे कॉट चुलत्याच्या घरून येते, गादी बाजारातून येते आणि दोघांचं जमत नाही. मग त्या फटीत गोधडीची गुंडाळी कोंबतात. ती गुंडाळी रात्रीतून वर येते, आणि नाही आली तर बाळाचं डोकं फटीत जातं. कॉटचं माप घेऊन गादीच मापाची करून घ्या. जुन्या कॉटच्या दांड्यांमधलं अंतरही मोजा, ६ सेंटिमीटरहून जास्त नको. नव्या गादीवरचं प्लॅस्टिक काढून टाका. "मळू नये म्हणून राहू दे" असं सोफ्याबद्दल म्हणा. बाळ दूध उलटतं म्हणून डोक्याकडून गादी उंच करणारेही भेटतात. त्याने उलटी थांबत नाही. बाळ घसरत खाली येतं आणि हनुवटी छातीला टेकून बसते. गादी सपाटच ठेवा.

आता चादर, हा माझा प्रांत. नुसती अंथरलेली चादर नको, कारण दोन लाथांत ती गोळा होते. चारही बाजूंनी इलॅस्टिक असलेली, गादीखाली जाणारी चादर हवी. घरी शिवणाऱ्यांसाठी हिशोब सांगते. गादी ४८ बाय २४ इंच आणि ४ इंच जाड धरा. दोन्ही बाजूंची जाडी, गादीखाली दुमडायला दोन्हीकडे ४-४ इंच आणि कडेच्या पट्टीला थोडं, असं करून कापड ६५ बाय ४१ इंच लागतं. चारही कोपऱ्यांत आठ इंचांचा चौकोन कापून काढा, कापलेल्या कडा एकमेकींना जोडा, मग कडेला पट्टी दुमडून त्यातून पूर्ण फेरीचं इलॅस्टिक ओवा. फक्त कोपऱ्यांना इलॅस्टिक लावून लोक वेळ वाचवतात, पण ती चादर आठवड्यात निसटते. शिवून झाल्यावर गादीवर चढवा आणि एक कोपरा मुठीत धरून वर ओढा. सुटला तर इलॅस्टिक आणखी आवळा.

४४ इंच पन्ह्याचं कापड २ मीटर घेतलं की एक चादर निघते. पण कापण्याआधी कापड धुवा! ही चूक मीसुद्धा केली आहे. खणआळीतून आणलेलं नवं सुती कापड खळ घातलेलं, ताठ असतं. ती खळ बाळाच्या कातडीला टोचते, आणि पहिल्या धुण्यात कापड आटलं की मापात शिवलेली चादर गादीवर चढतच नाही, चढली तर गादी होडीसारखी वाकते. रात्रभर भिजवा, साध्या साबणाने धुवा, वाळवा, मग कात्री लावा. कॅम्ब्रिक किंवा बारीक पॉपलीन उत्तम. मांजरपाट दोन-चार धुण्यांनंतर छान मऊ पडतो आणि खिशालाही परवडतो. मलमल दुपट्यांना ठेवा, चादरीला ती फार सैल. टिकल्या, लेस, बटणं, फुंदे काही नको. शिवण झाली की आतल्या बाजूचे सुटे दोरे एकेक करून कापा. असा एखादा दोरा किंवा आईचा लांब केस बाळाच्या पायाच्या बोटाला वेढा घालून बसतो, बोट सुजतं आणि घरच्यांना कळत नाही की बाळ का रडतंय. हातमोज्यांच्या आतल्या दोऱ्यांचंही तसंच. बाळ थांबत नसेल तर एकदा मोजे काढून बोटं बघा.

किती चादरी? उन्हाळ्यात चार पुरतात. आपल्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत दोरीवरचं कापड दोन दिवस ओलंच राहतं, तेव्हा सहा करा. चादरीखाली ड्राय शीट किंवा मेणकापड घाला, चादरीच्या वर नाही. रात्रीसाठी एक युक्ती आहे: गादीवर ड्राय शीट, तिच्यावर चादर, पुन्हा ड्राय शीट, पुन्हा चादर. मध्यरात्री ओलं झालं की वरचे दोन थर ओढून काढायचे, खाली कोरडं तयार. बाळंतिणीची झोप वाचते.

बाळ यायच्या आधी नवं आणायचं नाही, पहिले कपडे कुणाच्या तरी बाळाचे जुनेरच घालायचे, ही आपली रीत मला पटते. शंभरदा धुतलेल्या कापडाइतकं मऊ दुसरं काही नाही. पण ते जुनेर ट्रंकेतून निघतं आणि ट्रंकेत डांबरगोळ्या असतात. हे मात्र नीट ऐका. काही बाळांच्या रक्तात जन्मापासून एक द्रव्य कमी असतं, डॉक्टर त्याला जी-सिक्स-पीडी म्हणतात. अशा बाळाला डांबरगोळ्यांच्या वासाच्या कपड्यांत गुंडाळलं तर रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात आणि कावीळ जिवावर बेतण्याइतकी चढू शकते. आपल्या बाळाला ती उणीव आहे की नाही हे बहुतेक घरांत कुणालाच ठाऊक नसतं. त्यामुळे बाळाच्या कपड्यांत त्या गोळ्या ठेवूच नका. ठेवलेल्या असतील तर ते कपडे वास पूर्ण जाईपर्यंत धुवा, उन्हात घाला, पुन्हा धुवा, आणि तरी वास आला तर बाळाला घालू नका. कडुलिंबाचा वाळला पाला पुरतो.

मोहरीच्या उशीवर सर्वांत जास्त वाद होतात. डोकं गोल व्हावं म्हणून तिच्यात मोहरी भरतात. मी स्वतः शेकड्याने शिवल्या असतील. बाळाला वर्षभर उशी लागत नाही, कुठलीच नाही. डोकं एका बाजूने चपटं होऊ नये म्हणून आज मान उजवीकडे, उद्या डावीकडे असं करा, कॉटमध्ये डोक्याची बाजू अधूनमधून बदला, आणि जागं असताना आपल्या डोळ्यांसमोर दिवसातून थोडा थोडा वेळ पालथं घाला. तरी आकार वेडावाकडा वाटला तर डॉक्टरांना दाखवा. शिवण उसवली की मोहरी अंथरुणभर होते, तिथून ती बाळाच्या नाका-तोंडात जायला कितीसा वेळ!

लोड ठेवतात ते बाळ दचकू नये म्हणून. दचकणं पहिल्या महिन्यांत असतंच. त्यावर उपाय आपल्याकडे पूर्वापार आहे, मलमलीच्या दुपट्यात गुंडाळणं. छातीशी बेताचं घट्ट, पण कमरेखाली सैल, पाय बेडकासारखे वर-बाहेर हलले पाहिजेत. पाय सरळ ताणून आवळले तर खुब्याचा सांधा बिघडू शकतो. बाळ कुशीवर वळायचा प्रयत्न करू लागलं की त्या दिवसापासून गुंडाळणं बंद.

"आम्ही पाच पोरं वाढवली लोड-उशांत, एकाला काही झालं नाही," असं प्रत्येक आजी म्हणते. मीही म्हणायचे. पण आमच्या वेळी बाळ पातळ गोधडीवर, बाजेवर नाहीतर खाली जमिनीवर असायचं. हा फुगीर स्पंज तेव्हा कुठे होता? शिवाय अमेरिकेत १९९४ साली बाळाला पाठीवर झोपवण्याची मोठी मोहीम निघाली आणि झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण पुढच्या काही वर्षांत जवळजवळ निम्म्यावर आलं. २०२२ मध्ये तर त्यांनी कॉटचे हे फुगीर कठडे विकायलाच कायद्याने बंदी केली. आपल्याकडे अजून ते सेटमध्ये मिळतात. मच्छरदाणीची चेन असलेली छोटी गादी बाळंतविड्यात हमखास येते, तीही बहुधा फुसफुशीत असते. घरात माणसं येत-जात असताना दुपारी माश्या लागू नयेत म्हणून तासभर, तेही कुणीतरी जवळ बसून आणि आतली उशी काढून, एवढाच तिचा उपयोग. रात्री कॉटवर बाहेरून ताणून बांधलेली साधी मच्छरदाणी बरी. ती आत लोंबता कामा नये.

थंडीचं विचाराल तर साताऱ्याची डिसेंबरातली पहाट मला माहीत आहे. आपल्याला जेवढे कपडे पुरतात त्याहून एक थर बाळाला जास्त घाला: झबलं, वर फलालीनचा अंगरखा, पायमोजे, आणि जमल्यास स्लीपिंग सॅक. म्हणजे बिनबाह्यांची पिशवी, गळा आणि बगलेत बेताची, खाली पायांना मोकळी. ती मी आता खूप शिवते, दुलईऐवजी तीच विकते. हातपाय गार लागले म्हणून घाबरू नका, लहान बाळांचे ते गारच असतात. मानेमागे किंवा छातीवर हात ठेवून बघा. तिथे घाम असेल तर एक थर कमी करा. घरात झोपताना टोपडं-कुंची काढा. बाळाची जादा उष्णता डोक्यातून बाहेर पडते, आणि कुंची घसरून तोंडावर येते. कमी वजनाच्या किंवा दिवस पुरे न भरलेल्या बाळाला मात्र डॉक्टर सांगतील तसं. पांघरूण घालायचंच असेल तर पातळ घ्या. बाळाचे पाय कॉटच्या पायथ्याला टेकवून झोपवा, पांघरूण छातीपर्यंत आणा, हात बाहेर ठेवा आणि कडा गादीखाली घट्ट खोचा. खोलीत शेगडी पेटती ठेवून दार लावून झोपू नका, धुरी देऊ नका.

मग आजीच्या नऊवारीची वाकळ कुठे जाणार? ती खाली अंथरा. तेल लावायला, पालथं घालायला, मांडीवर घ्यायला, उन्हात बसायला वाकळीसारखं काही नाही. झोळीतही बाळ छान झोपतं, पण त्यात पाठ वाकते आणि हनुवटी खाली जाते, म्हणून डोळा लागला की उचलून कॉटमध्ये ठेवा. कॉट आईच्या पलंगाला लागून, त्याच खोलीत, निदान सहा महिने.

सव्वा महिन्याने लेक सासरी निघाली की चादरी बरोबर जातात आणि चार दिवसांनी मला फोन येतो, "आक्का, तिकडच्या गादीला बसत नाहीत." तिकडची गादी २८ बाय ५२ ची निघते. सैल बसणारी किंवा ओढून ताणून चढवलेली चादर वापरू नका. तिकडच्या मापाच्या दोन वेगळ्या शिवा. फोनवर माप कळवताना लोक लांबी-रुंदी बरोबर सांगतात आणि जाडी सांगायची राहते. जाडी आधी सांगा.